वारा पडला की तार तुटली?

श्रोतेहो, वैशाखातली दुपार आहे असे समजा. शाळेच्या आवारातली चिंच अंग घुसळते आहे, मैदानातली धूळ उठून थेट वर्गात शिरते आहे, छपरावरचा पत्रा थडथड वाजतो आहे. आणि कचेरीतल्या भिंतीवर वायुवेगमापकाची जी पेटी बसविली आहे, तिच्या पडद्यावर आकडा आहे शून्य. एखादे चुणचुणीत पोर लगेच विचारणार, "गुरुजी, यंत्र खोटं बोलतंय का हो?" त्याला उत्तर द्यावयाचे ते असे, की यंत्र खोटे बोलत नाही, ते बोलतच नाही. गच्चीवरचे यंत्र गप्प झाले आहे आणि खालच्या पेटीने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'वारा नाही' असा लावला आहे. हे मौन ओळखावे कसे, आणि यंत्राला पुन्हा बोलते करावयाचे तर शोध कोठून घ्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दिसतो तांत्रिक, पण तो आता गावात येऊन बसला आहे. २०१७ सालापासून 'महावेध' प्रकल्पाखाली महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा अशी माहिती तेथून आपोआप पुढे जाते. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात केळीसाठी वेगाचा वारा हा एक धोका म्हणून धरलेला आहे. म्हणजे जळगावकडची एखादी केळीची बाग ज्या दिवशी आडवी झाली, त्या दिवशी जवळच्या केंद्राने काय नोंदले ह्याला पैशाचे मोल आहे. शेतकऱ्याच्या अंगाला वारा कळतो, त्याला आकड्याची गरज नसते. पण कागदाला अंग नसते. कागदावर शून्य पडले की ते शून्यच.

आम्हा मास्तरमंडळींना हा भेद फोडून सांगावयास नको. परीक्षेला बसून ज्याला काहीच आले नाही त्याला आपण शून्य गुण देतो, आणि जो परीक्षेला आलाच नाही त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहितो. दोन्ही ठिकाणी शून्यच लिहीत गेलो तर वर्गाची सरासरी कोसळेल आणि आजारी पोरावर अन्याय होईल तो वेगळाच. वाऱ्याचेही असेच आहे. दिवसाच्या चोवीस तासांपैकी अठरा तास यंत्र नीट चालले आणि त्या अठरा तासांची सरासरी ताशी १२ किलोमीटर आली. उरलेले सहा तास यंत्र गप्प होते. ते सहा तास रिकामे ठेवले तर सरासरी १२ राहते. तेथे शून्ये भरली तर ती ९ होते. वारा काही कमी झाला नाही, आपण मात्र त्याचा चौथा हिस्सा पुसून टाकला.

आता वाऱ्याचा आकडा तयार होतो कसा ते पाहू या, म्हणजे तो कोठे अडतो हे आपोआप कळेल. दांडीवर फिरणाऱ्या वाट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आयर्लंडमधील आर्मा येथील वेधशाळेचे टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार वाट्यांचे यंत्र केले; पुढे १९२६ साली कॅनडाचे जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे अधिक चपळ यंत्र सिद्ध केले आणि तेच आज जिकडेतिकडे दिसते. वाटीची पोकळ बाजू वारा अधिक धरते, फुगीर बाजूवरून तो निसटतो, म्हणून चक्र एकाच दिशेने फिरत राहते. वाटी केवढीही असो, ती वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरते, अशी रॉबिन्सन यांची समजूत होती. ती पुढे टिकली नाही. वाटीचा आकार आणि दांडीची लांबी यांप्रमाणे हे प्रमाण बदलते, म्हणून प्रत्येक यंत्राचा गुणक निराळा असतो. हा गुणक ध्यानात असू द्या, कारण एका यंत्राच्या जागी दुसरे बसवून गुणक जुनाच ठेवण्याचा प्रकार फार होतो. बोलणे सुरळीत चालते आणि आकडा मात्र चुकीचा येतो.

साध्या यंत्रात फिरत्या दांड्याला एक लोहचुंबक बसविलेला असतो. शेजारी काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पट्ट्या असतात. हिला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळून गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. म्हणजे दिव्याचे बटण कोणीतरी दर फेऱ्याला दाबून सोडावे तसे. खालची पेटी एका सेकंदात किती वेळा बटण दाबले गेले ते मोजते आणि गुणकाने गुणते. शाळांतून आणि हौशी मंडळींकडे जी स्वस्त यंत्रे आढळतात, त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत सेकंदाला एक टिचकी म्हणजे ताशी २.४ किलोमीटर असा हिशेब असतो. पाच टिचक्या आल्या तर वेग १२.

ही पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, पण तिच्यात एक खोट आहे. वारा पडला तरी टिचकी येत नाही आणि तार तुटली तरी येत नाही. पेटीला दोन्ही सारखेच. टिचक्या मोजणाऱ्या यंत्राला स्वतःची गैरहजेरी सांगण्याची सोयच नाही, ती आपल्याला बाहेरून ओळखावी लागते.

ही अडचण कारखान्यांतल्या मंडळींना फार पूर्वीच जाणवली आणि त्यांनी तोड काढली ती मोठी नामी आहे. तारेतून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहावरून आकडा सांगावयाचा, पण शून्य वाऱ्याला शून्य प्रवाह ठेवावयाचा नाही. वारा नसेल तेव्हा चार मिलिअँपिअर, वारा यंत्राच्या कमाल मर्यादेला पोचला की वीस मिलिअँपिअर. मर्यादा सेकंदाला ६० मीटर असेल तर १२ मिलिअँपिअर म्हणजे ३० मीटर, आणि ८ म्हणजे १५ मीटर. आता तार तुटली तर प्रवाह चारच्याही खाली, थेट शून्यावर जाईल, आणि पेटीला लगेच कळेल की हा वाऱ्याचा शून्य नव्हे, हे मौन आहे. चार म्हणजे 'हजर, पण सांगण्यासारखे काही नाही', आणि शून्य म्हणजे गैरहजर. मात्र पेटीत हा फरक मांडून ठेवणारा माणूस हवा. चाराखालच्या सगळ्याला सरसकट शून्य म्हणा असे तिला सांगून ठेवले, की ही सारी योजकता फुकट.

तिसरी रीत संभाषणाची, आणि आजची बहुतेक चांगली यंत्रे हीच वापरतात. दोन तारांवरून प्रश्नोत्तरे चालतात. तारांच्या जोडणीच्या ह्या रीतीला आरएस-४८५ म्हणतात आणि तीवरून बहुधा जी भाषा बोलली जाते तिचे नाव मॉडबस. ही भाषा १९७९ साली मोडिकॉन कंपनीने काढली. तिचा नियम वर्गातल्या हजेरीसारखा आहे. गुरुजींनी नंबर पुकारल्याशिवाय कोणी तोंड उघडावयाचे नाही. प्रत्येक यंत्राला १ ते २४७ मधला एक नंबर असतो. पेटी म्हणते, "सात नंबर, तुझ्या अमुक कप्प्यात काय आहे?" आणि सात नंबरचे यंत्र तेवढेच उत्तर देऊन पुन्हा गप्प बसते. शून्य नंबर म्हणजे साऱ्या वर्गाला सूचना. ती सगळे ऐकतात, उत्तर कोणीच देत नाही. म्हणून चुकून शून्य नंबराला प्रश्न विचारीत बसाल तर जन्मभर उत्तर येणार नाही.

इतके समजले की बिघाड कोठकोठे होऊ शकतो हे पोरासोरांनाही सांगता येईल. यंत्राचा नंबर सात आणि आपण पुकारतो एक. किंवा दोन नवी यंत्रे आणली, कारखान्यातून दोन्ही एक नंबर घेऊनच आली, आणि एक नंबर पुकारताच दोघेही एकदम ओरडले, काही समजेना. किंवा यंत्र सेकंदाला ४८०० च्या चालीने बोलते आणि पेटी ९६०० च्या चालीने ऐकते. झरझर वाचणाऱ्या माणसाचे बोलणे परगावच्या पाहुण्याला कळू नये तसे होते. किंवा दोन तारांची अदलाबदल झाली. ह्या तारांना ए आणि बी म्हणतात, पण कोणत्या तारेला ए म्हणावे ह्याबद्दल कारखानदारांत एकमत नाही, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. कागदावर बरोबर जोडूनही यंत्र बोलत नसेल तर त्या दोन तारा उलट करून पाहाव्यात. त्याने सहसा काही बिघडत नाही. मात्र हे निरोपाच्या तारांबद्दल झाले, विजेच्या तारांबद्दल नव्हे. पुरवठ्याच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. आणि तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नये. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर जे लिहिले असेल तेच खरे.

प्रत्यक्ष शोध घेताना माझा अनुभव असा, की लोक पहिल्याने शिडी लावतात. वर चढतात, वाट्या पुसतात, तेल घालतात. हे उफराटे आहे. खांबावर चढणे सर्वांत शेवटी, आणि आभाळात वीज कडकडत असताना तर मुळीच नाही. आधी जमिनीवर उभे राहून झाडाकडे आणि वाट्यांकडे पाहावे. इंग्लंडच्या नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याची जी पायरीवार मोजणी बांधली, ती पुढे जमिनीवरच्या खुणांनाही लावली गेली, आणि ती शिक्षकाने फळ्याच्या कडेला लिहून ठेवावी इतकी उपयोगी आहे. चुलीचा धूर सरळ वर जातो तेव्हा वारा ताशी एक किलोमीटरच्याही आत. पाने सळसळतात आणि चेहऱ्याला वारा लागतो तेव्हा ६ ते ११. धूळ व कागदाचे कपटे उडतात, लहान फांद्या हलतात तेव्हा २० ते २८. हा दुसरा साक्षीदार. झाड वीस सांगते आहे, वाट्या फिरताना दिसताहेत आणि पेटी शून्य सांगते आहे, म्हणजे वाट्यांपासून पेटीपर्यंतच्या मधल्या वाटेत कोठेतरी खंड पडला आहे. उलट वाट्याच फिरत नसतील तर तारा सोडा. दांडा गंजला आहे, धुळीने जाम झाला आहे, नाहीतर एखाद्या पाखराने घर केले आहे.

मधला खंड शोधावयाचा तर अर्ध्यावर तोडून पाहावे. पाटाला पाणी का येत नाही हे पाहणारा शेतकरी विहिरीपासून एकेक ढेकूळ तपासीत येत नाही. मधल्या बांधावर उभा राहतो, पाणी येथवर आले का ते पाहतो आणि मग वर किंवा खाली जातो. तसेच येथे. पेटीजवळ तार सोडवून टिचकीच्या यंत्राची दोन टोके क्षणभर एकमेकांना पाच-सहा वेळा टेकवावी. पडद्यावर आकडा उसळला तर पेटी धडधाकट आहे, दोष तारेत किंवा वरच्या स्विचात. मग त्याच तारेला मल्टिमीटर लावून कोणीतरी वाट्या हाताने हळू फिरवाव्या. काटा हलला, बोलला, तर तारही ठीक. गावातल्या वायरमनला किंवा आयटीआयच्या मुलाला हे काम पाच मिनिटांचे आहे. प्रवाहाच्या यंत्रात मल्टिमीटरने मिलिअँपिअर मोजावे. वारा नसता चार मिळाले तर बरे, अगदी शून्य मिळाले तर तार तुटली आहे किंवा पुरवठा बंद आहे.

संभाषणाच्या यंत्रात तारा टेकवून काही कळत नाही. तेथे जोडणीच्या डबीवरचे दोन बारीक दिवे पाहावेत. एक दिवा हाक मारली की लुकलुकतो आणि दुसरा ओ आली की. पहिलाच दिवा लागत नसेल तर आपली पेटी हाकच मारीत नाही. वरच्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. पहिला लागतो, दुसरा लागत नाही, तर हाक पोचत नाही किंवा ओ येत नाही. वीज, तारा आणि नंबर तपासा. दोन्ही दिवे लागतात आणि तरीही आकडा नाही, तर उत्तर येते आहे पण कळत नाही. तारांशी खटपट करू नका, चाल आणि भाषेची मांडणी पाहा. हे दोन दिवे पाहण्याआधी ज्यांनी नवे यंत्र मागविण्याचे पत्र धाडले, अशी माणसे मी पाहिली आहेत. तार लांब असेल, आरएस-४८५ ची वाट कमी चालीवर सुमारे बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकते, तर तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा लागतो. तो नसला तर शब्द टोकाला आपटून परत येतात आणि विहिरीत हाक मारल्यासारखा घुमारा होतो. शिवाय लांब तारेत विजेचा दाबही वाटेत कमी होतो. पेटीजवळ १२ व्होल्ट आहेत म्हणून वर यंत्रापाशीही तेवढेच असतील असे नाही.

उत्तर येऊ लागले तरी काम संपले नाही, कारण आलेला आकडा कशाचा हे पाहिलेच पाहिजे. यंत्र '५२' म्हणते, तर पुष्कळदा त्याचा अर्थ सेकंदाला ५.२ मीटर असा असतो. दशांशचिन्ह आपण द्यावयाचे. त्याला ३.६ ने गुणले की ताशी १८.७ किलोमीटर होतात. खलाशांचा नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तो आणखी निराळा. कप्प्यांची मोजणी काही कागदांत एकपासून असते, काहींत शून्यापासून, आणि त्यामुळे शेजारचा कप्पा उघडला जातो. वेग म्हणून २७० असा आकडा येऊ लागला आणि तो पश्चिमेकडून वारा असतानाच येतो असे दिसले, तर ते वादळ नव्हे; आपण वेगाच्या ऐवजी दिशा वाचतो आहोत.

माझ्या मते सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे मौनाची वेळ. यंत्र केव्हा गप्प होते ते चार दिवस लिहून काढा. निम्मे निदान तेथेच होते. दिवसा बोलते आणि रात्री मध्यान्हीच्या सुमारास बंद पडते, सकाळी ऊन चढले की पुन्हा सुरू होते, तर सौर पाट्यावरची बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा पाट्यावर धूळ बसली आहे. पाऊस पडला की गप्प आणि दोन दिवस ऊन मिळाले की ठीक, तर जोडात पाणी शिरते. उघडून पाहा, तांब्यावर हिरवट गंज चढलेला दिसेल. तार वरून सरळ पेटीत आणली असेल तर पाणी तिच्यावरून ओघळत आत येते, म्हणून पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, थेंब तेथून टपकेल. वारा मंद असता ठीक आणि जोराचा वारा आला की मौन, तर एखादा स्क्रू ढिला आहे आणि खांब हलला की तार सुटते. ह्या दोषाला मी फार घातक समजतो, कारण ज्या क्षणी नोंद हवी नेमक्या त्याच क्षणी ती नाहीशी होते. महिन्याच्या एका ठरावीक तारखेपासून पूर्ण मौन, तर आधी सिमकार्डाचे पैसे भरले आहेत का ते विचारा. हसू नका, दूरच्या केंद्राकडे आकडे मोबाइलच्या जाळ्यातून जातात आणि यंत्र वर बिचारे इमानाने मोजीत असते.

आणखी एक प्रकार म्हणजे विहिरीवरची मोटर सुरू झाली की वारा सुटतो! मोटरच्या तारेशेजारून यंत्राची तार नेली की मोटर सुरू होतानाचा धक्का यंत्राच्या तारेत उमटतो आणि पेटी त्याला टिचक्या समजते. तार वेगळ्या वाटेने न्यावी, जाळीचे वेष्टण असलेली घ्यावी आणि त्या जाळीला एकाच टोकाला भूमीशी जोडावे. टिचकी दुप्पट-तिप्पट मोजली जाण्याचे दुसरे कारण स्विचातच असते. पट्ट्या चिकटताना एकदम चिकटत नाहीत, क्षणभर थरथरतात, आणि चपळ पेटी एका टिचकीच्या तीन करते. उपाय म्हणून पेटीला सांगतात की एक टिचकी मोजल्यावर काही काळ कान बंद ठेव. हा काळ पाच हजारांश सेकंद पुरे होतो. कोणी सावधगिरीने तो तीस हजारांश ठेवला तर? ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात, आपल्या २.४ च्या हिशेबाने, टिचक्या दर चोवीस हजारांशाला एक येतात. कान तीसपर्यंत बंद, म्हणजे दर दुसरी टिचकी वाया जाणार. शंभराचे वादळ पन्नासाचे होऊन कागदावर बसेल, आणि झुळुकीच्या दिवसांत यंत्र अगदी बरोबर चालत असल्यामुळे कोणाला संशयसुद्धा येणार नाही.

मौनाची एक लबाड जात सांगावयाची राहिली. काही पेट्या उत्तर आले नाही तर शेवटचा ऐकलेला आकडाच दाखवीत राहतात. तो आकडा शिळा असतो, पण शिळ्या भाकरीसारखा तो दिसण्यावरून ओळखू येत नाही. त्याची खूण एवढीच, की तो हलत नाही. वारा कधी सलग एका वेगाने वाहत नाही. तीन तास ताशी ११.४ आणि दिशा तीच, असे दिसले की समजावे, पलीकडे कोणी बोलत नाही. जहाजांवरील वाऱ्याच्या यंत्रांत ह्यावर चांगली सोय आहे. ती यंत्रे एनएमईए नावाच्या भाषेत एकेक वाक्य पाठवितात आणि वाऱ्याच्या वाक्याच्या शेवटी एक अक्षर जोडतात. ते अक्षर 'ए' असेल तर आकडा ग्राह्य, 'व्ही' असेल तर अग्राह्य. यंत्र स्वतःच सांगते की माझ्यावर आता विसंबू नका. वाट्या नसलेली, ध्वनीवर चालणारी नवी यंत्रेही पुष्कळदा असा शेरा देतात. त्यांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सूक्ष्म ध्वनी सोडून वेळ मोजतात. वाऱ्याबरोबर तो लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध उशिरा. वीस सेंटीमीटरच्या अंतरात सेकंदाला दहा मीटरचा वारा असेल तर हा फरक सुमारे पस्तीस लक्षांश-दशांश, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी पस्तीस भागांचा. मध्ये कोळ्याने जाळे विणले किंवा पावसाचा थेंब अडकला तर यंत्र गोंधळते, आणि शेरा वाचण्याची तसदी पेटीने घेतली नाही तर तो गोंधळही आकडा म्हणून उतरतो.

यंत्रावर संशय घेण्याची रीतही दोन्ही बाजूंनी असावी. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात माउंट वॉशिंग्टन नावाचे शिखर आहे. तेथील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ च्या पहाटे वेंडेल स्टीफन्सन ह्या निरीक्षकाला वाटले, की बाहेर जो गर्जतो आहे तो वारा यंत्र सांगते त्याहून खूप मोठा आहे. यंत्रावर बर्फ साचले असणार हे त्याने ओळखले आणि लाकडी दांडके घेऊन तो वर गेला व बर्फ झोडून काढले. त्या दिवशी दुपारी तेथे ताशी २३१ मैल, म्हणजे ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. बर्फ तसेच राहिले असते तर ही नोंद झाली नसती. (त्याच्यासारखे वादळात वर चढावे असे मात्र मी कोणालाही सुचवीत नाही.) उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावरचे. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात तेथील यंत्राने ताशी ४०८ किलोमीटर नोंदले. आकडा इतका मोठा, की पुष्कळांनी तो बिघाड समजून बाजूस ठेवला. पुढे तज्ज्ञांनी यंत्र आणि नोंदी दोन्ही तपासल्या; तो एकच आकडा एकटा उसळलेला नव्हता, त्याच्या आजूबाजूलाही मोठे झोत उमटलेले होते. २०१० साली जागतिक हवामान संघटनेने ती नोंद मान्य केली. कच्ची नोंद कोणी पुसून टाकली असती तर तपासावयाला काही उरले नसते.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. वाऱ्याचा स्वभावच असा आहे, की तो जोरात असतो तेव्हा प्रथम वीज आणि निरोपाची वाट तोडतो. म्हणून यंत्राजवळ स्वतःची बॅटरी हवी आणि आकडे आधी जागच्या जागी साठवून मग पुढे पाठविण्याची सोय हवी. वाट तुटली तरी साठा राहतो, आणि आठ दिवसांनी का होईना तो काढून घेता येतो. केवळ पाठविणारे, न साठविणारे यंत्र स्वस्त मिळते. माझा सल्ला, शाळेने चार महिने थांबावे पण ते घेऊ नये. जागाही मोकळी निवडावी. वाऱ्याची प्रमाण नोंद उघड्या मैदानात दहा मीटर उंचीवर घेतात, आणि झाड किंवा इमारत जेवढी उंच असेल त्याच्या निदान दहापट अंतर तिच्यापासून सोडतात. शाळेला हे सहसा जमत नाही. जमले नाही तर उंची आणि शेजारच्या अडथळ्यांची टीप वहीत करून ठेवावी, म्हणजे आकडा वाचणाऱ्याला अंदाज राहतो.

वहीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. यंत्राशेजारी एक शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवावी. तिच्यात रोज एक ओळ: वेळ, यंत्राचा आकडा आणि झाडावरून केलेला आपला अंदाज. हे काम सातवीतली मुले आनंदाने करतात, आणि त्यांचा अंदाज महिन्याभरात चांगला बसतो. यंत्र गप्प आढळले तर आकड्याच्या जागी शून्य न लिहिता 'गैरहजर' लिहावे. शेवटचा हलता आकडा किती वाजता दिसला होता, पाऊस होता का, वीज गेली होती का, मोटर चालू होती का, ते पुढे लिहावे. दुरुस्ती झाल्यावर काय बदलले, कोणती तार, कोणता नंबर, कोणता गुणक, आणि पेटीचे घड्याळ पुन्हा लावले की नाही, हे त्याच पानावर उतरवावे. वीज गेल्यावर पेटीचे घड्याळ मागे पडते आणि दुपारचे वादळ मध्यरात्रीच्या खात्यावर जमा होते. तेव्हा आकडा तपासण्याआधी घड्याळ तपासावे.